ठनठनीत आचारी

बसच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की ते आधी दोन्ही हात जोडायचे. मागे माणसं खोळंबलेली असायची, कुणाच्या डोक्यावर गाठोडं, कुणाच्या कडेवर लेकरू. पण नमस्कार पुरा झाल्याशिवाय त्यांचा दुसरा पाय वर यायचा नाही.

"नमस्कार बाई. मी आचारी आहो. लगन असो, तेरवी असो, नामकरन असो, आपल्याले सांगजा. हजार मानसाचा सैपाक एकट्याच्या जबाबदारीवर करतो."

मी विचारायची, "बरं आहे ना भाऊ?"

"मले का झालं? ठनठनीत!"

असं म्हणून छातीवर एक थाप. मग मागून त्यांच्या बायकोचा आवाज यायचा, "चला जी, लोकं थांबले."

मी एसटीत कंडक्टर आहे. पोंभुर्ण्याहून चंद्रपूरला जाणारी सकाळची गाडी बरेच दिवस माझ्याकडे होती. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात बुधवारी दिव्यांगांची तपासणी असायची, म्हणून बुधवारच्या गाडीत कुबड्या असायच्या, पांढऱ्या काठ्या असायच्या, आईच्या खांद्यावर मान टाकलेली मोठी मुलं असायची. या सगळ्यांत हे एक धडधाकट गृहस्थ. दंड भरलेले, मिशी कातरलेली, सदरा धुतलेला. त्यांच्याकडे पाहून कुणीही विचारलं असतं, हा माणूस कुणाला घेऊन चालला आहे?

मीही तसंच समजले होते. पहिल्यांदा त्यांनी हात जोडले तेव्हा मला खरंच आचारी हवा होता. मूल गावी माझ्या भाचीचं लग्न ठरलं होतं. मी तिकीट फाडता फाडता म्हटलं, "भाऊ, लग्न आहे आमच्याकडे. विहारात लागणार."

त्यांचा चेहरा उजळला. "मंग तर लवकर लागते बाई. वंदना झाली का पंगत बसते तुमच्यात. तिथी 'थांबा जरा' चालत नाई. आदल्या संध्याकाळीच मसाला वाटून ठेवा लागते." आणि त्यांनी सगळा बेत मांडला. आलू-वांग्याची भाजी, वांगी कोणत्या बाजारातली घ्यायची, वरणाला फोडणी कधी, मठ्ठ्यात सांबार किती. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मला तर बसमध्येच भूक लागली.

मी त्यांचा फोन नंबर विचारला. तेव्हा त्यांच्या पाठीमागे बसलेल्या बायकोने माझ्याकडे पाहून मान हलवली. नाही. एकदाच, हळूच. तिच्या डोळ्यांत असं काही होतं की मी पुढे विचारलं नाही.

पुढच्या बुधवारी पायरीवर पाय, जोडलेले हात. "नमस्कार बाई. मी आचारी आहो." मी म्हटलं, "अहो, मागच्या आठवड्यात नाही का बोललो आपण? भाचीचं लग्न?" ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांनी हसून वेळ मारून नेली, पण डोळे घाबरले होते. कुणीतरी अंधारात हात धरावा आणि तो कुणाचा हे कळू नये, तसे.

त्यानंतर मी आठवण करून देणं सोडलं. दर बुधवारी आमची नव्याने ओळख व्हायची.

काय घडलं ते त्यांच्या बायकोने मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. गाडी रिकामी असली की ती माझ्या सीटजवळ यायची. अंगाने वाळलेली, हातावर गोंदण, पुढचा एक दात अर्धा. पंचक्रोशीत त्यांच्या हाताला मागणी होती. त्यांचं गाव जंगलाला लागून, बहुतेक घरं गोंडांची. गावात कुणाकडेही कार्य असलं की चूल यांची. एका लग्नाचा स्वयंपाक आटोपून ते दिवस मावळायच्या सुमारास मोटरसायकलवर घरी निघाले. रस्ता जंगलातला. रानडुक्कर आडवं आलं. डुक्कर पळून गेलं आणि यांचं डोकं डांबरावर आपटलं.

नागपूरच्या दवाखान्यात ते कितीतरी दिवस डोळे मिटून पडून होते. मग एक दिवस त्यांनी पाणी मागितलं. पुढे उठून बसले, चालायला लागले. घरी आले तेव्हा गावाने डफ वाजवला. "मले वाटलं बाई, देवानं वापस देल्ला," ती म्हणाली. "मंग हळूहळू समजलं, अर्धाच देल्ला."

ते समजलं तेही चुलीवरच. गावातल्या एका साखरपुड्याला त्यांनी हौसेने भाजी चढवली. मीठ घातलं. थोड्या वेळाने पुन्हा घातलं. मग पुन्हा. भाजी बुडाला लागली, धूर निघाला, माणसं ओरडली, आणि हे भाजीच्या गंजाशेजारी, मोठ्या पातेल्याशेजारी, ढवळायचा लोखंडी सराटा घेऊन शांत उभे. वास आलाच नाही त्यांना. डोक्याच्या मारानं वास कायमचा गेला होता, हे तोवर त्यांनाही माहीत नव्हतं. लोकांनी पंगतीत पहिला घास घेतला आणि पत्रावळी बाजूला सारल्या. कुणीतरी हसलं. त्यांनी हातातला सराटा फेकून मारला.

त्यानंतर कुणी बोलावलं नाही.

मदतीसाठी ती आधी जंगलखात्याकडे गेली होती. जनावरानं हल्ला केला तर भरपाई असते. साहेब चौकशीला घरी आले. त्यांनी यांनाच विचारलं, "डुकरानं तुमाले धडक मारली, का तुमच्या गाडीनं डुकराले?" यांना त्या संध्याकाळचं काहीच आठवत नव्हतं. ते म्हणाले, "ते डुकरालेच विचारा ना साहेब." साहेबही हसले. पण निकाल आला तो असा, की हा हल्ला नव्हे, रस्त्यावरचा अपघात. त्याला खात्याकडे काही नाही.

मग कुणीतरी सांगितलं की दिव्यांगाचा दाखला काढा. तो असला की महिन्याला निराधाराचे पैसे सुरू होतात, बसचं तिकीट कमी होतं, रेशनमध्ये सोय होते. म्हणून हे बुधवार.

आणि दर बुधवारी तेच. आत बोलावत. हात वर करा; ते करत. चालून दाखवा, ते ऐटीत चालून दाखवत. नाव, गाव, बापाचं नाव, सगळं बिनचूक. शेवटी डॉक्टर विचारत, "काय त्रास आहे?"

"मले का झालं? ठनठनीत!"

तुम्हीच सांगा, डॉक्टरने काय लिहावं? हाडांचे डॉक्टर म्हणत, हातपाय उत्तम आहेत. डोळ्यांचे म्हणत, नजर चांगली आहे. मनोविकाराच्या खोलीत म्हणत, हा वेडेपणा नाही, हा मेंदूचा मार आहे, तिकडे दाखवा. तिकडे म्हणजे कुठे, ते दर वेळी वेगळं असायचं. कधी मोठे डॉक्टर रजेवर, कधी मेंदूच्या फोटोची जुनी फिल्म हवी, कधी यंत्र बंद. दुपारच्या गाडीला ती दोघं परत यायची. ते खिडकीतून बाहेर बघत गुणगुणायचे. ती समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसायची.

तिकिटावरून दर वेळी एक गंमत व्हायची. बायकांना एसटीत अर्धं तिकीट असतं. मी दोन तिकिटं हातात दिली की ते निरखून पाहत. "काऊन वो बाई, हिची अर्धी अन माझी पूर्ती? मी का दोन मानसं आहो?" सगळी बस हसायची. तेही हसायचे. ती पदराच्या टोकाने तोंड पुसायची आणि म्हणायची, "दोनच आहा जी तुमी. एक घरचा, एक डाक्टरसमोरचा."

जाताना ती त्यांना शिकवायची. शाळेतल्या पोराला कविता घोकवावी तशी.

"आज डाक्टरनं विचारलं तर का म्हनाचं?"

"का म्हनाचं?"

"म्हना, मले ध्यानात राह्यत नाई."

"मले ध्यानात राह्यत नाई."

"शाबास. अजून एकदा."

"मले ध्यानात राह्यत नाई."

बंगाली कॅम्पची वस्ती मागे पडून शहरातली गर्दी सुरू झाली की ती पुन्हा विचारायची, "हं, का म्हनाचं डाक्टरले?" ते प्रामाणिकपणे विचारात पडायचे. "कोनत्या डाक्टरले? आपन बजारात नाई चाललो का?"

माझा ड्रायव्हर एकदा हसता हसता थांबला आणि त्याने आतला आरसा दुसरीकडे वळवला.

त्यांच्याबद्दल नुसतं वाईट सांगून चालणार नाही. बाजार भरायचा त्या बुधवारी बायका भाजीच्या जुड्या घेऊन चढत. हे शेजारच्या बाईच्या पिशवीतून मेथीची जुडी सरळ उचलत आणि निवडायला बसत. बाई आधी दचकायची. मग त्यांची बोटं पाहत राहायची. काय सुरेख चालायची ती बोटं! पानं एका मांडीवर, देठं दुसऱ्या. एकीची झाली की दुसरी स्वतःच आपली जुडी पुढे करायची. "भाऊ, माझा सांबार बी पाहून द्या ना." ते कुणालाच नाही म्हणायचे नाहीत. असल्या दिवशी त्यांची बायको खिडकीला डोकं टेकून झोपायची. तिला झोप मिळायची ती फक्त माझ्या गाडीत, असं मला पुढे कळलं.

पण बाजारचाच एक दिवस वाईट निघाला. उन्हाळा होता, गाडी खच्चून भरलेली, कुणाच्या तरी मोबाइलवर मोठ्याने गाणी चाललेली, एक तान्हं मूल रडत होतं. गोंगाट त्यांना सहन व्हायचा नाही. त्यांनी आधी कानांवर हात ठेवले. मग डोकं गुडघ्यात घातलं. मग एकदम उठून ते ओरडायला लागले, शिव्या द्यायला लागले, समोरच्याच्या हातातला मोबाइल त्यांनी खाली पाडला. तो माणूस उठला. "सकाळीसकाळी ढोसून चढते साले!" म्हणाला आणि त्याने यांच्या कानशिलात मारली.

कुणीतरी म्हणालं, "उतरवा त्याले, बाई." मी बेल मारून गाडी थांबवली. लोकांना वाटलं, मी यांनाच उतरवते आहे. मी म्हटलं, "हे प्यालेले नाहीत. यांच्या डोक्याला मार लागलेला आहे. ज्याला यांच्यासोबत बसवत नसेल त्यानं खाली उतरावं." कुणी उतरलं नाही. गाणी बंद झाली.

ते लहान मुलासारखे हुंदके देत होते. त्यांची बायको त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिचा चेहरा कोरडा होता. गाडी सुरू झाली. थोड्या वेळाने त्यांचे हुंदके थांबले, त्यांनी डोळे पुसले, इकडेतिकडे पाहिलं. मग समोर बसलेल्या त्याच माणसाकडे पाहून त्यांनी हात जोडले. "नमस्कार भाऊ. मी आचारी आहो. लगनकार्य असलं तर सांगजा." गालावर अजून बोटं उमटलेली होती.

तो माणूस पुढच्याच थांब्यावर उतरून गेला. ते त्याचं गाव नव्हतं. त्याने तिकीट पुढचं काढलं होतं.

त्यानंतरच्या बुधवारी मी सुट्टी घेतली आणि दोघांसोबत दवाखान्यात गेले. गणवेशातल्या बाईचं कुणी ऐकेल, असा माझा भाबडा हिशोब होता, म्हणून खाकी घालूनच गेले.

त्या दिवशी तपासायला एक डॉक्टर मॅडम होत्या. वय फार नाही, डोळ्यांखाली काळं, बाहेर रांग दारापर्यंत. त्या उर्मट नव्हत्या. त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले, नेहमीची उत्तरं आली. मी म्हटलं, "मॅडम, यांना काही लक्षात राहत नाही. हे आचारी होते, आता चूल पेटवता येत नाही."

मॅडमनी त्यांच्याकडे वळून विचारलं, "आचारी का तुम्ही? मग सांगा बरं, भाजी कशी करता?"

मला तिथेच कळलं की घात झाला. ते खुर्चीत सरसावून बसले. वांगी चिरून पाण्यात का ठेवायची, तेल किती तापू द्यायचं, आलू आधी की वांगी. सगळं असं सांगितलं की दारात उभा असलेला शिपाईसुद्धा आत सरकला. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "यांची स्मृती तर माझ्यापेक्षा चांगली आहे."

"ते जुनं आहे मॅडम," मी म्हटलं. "आज सकाळी काय खाल्लं ते विचारा."

त्यांनी विचारलं. ते हसले. "सकाळी? खाल्लं ना. मस्त खाल्लं." काय ते सांगता आलं नाही.

मॅडमनी पेन पुन्हा उचललं. मग त्यांच्या बायकोला म्हणाल्या, "बाई, मला दिसतंय काहीतरी. पण मी मोजू काय? मला लिहायला काहीतरी द्या. घरी काय होतं ते सांगा."

ती म्हणाली, "त्यायच्यासमोर?"

"त्यांना बाहेर बसवू या."

शिपायाने त्यांच्या दंडाला धरलं. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट पकडला. "मी कुठी जाऊ? माझी बायको इथीच आहे." तिच्याशिवाय ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचे नाहीत. पुन्हा ओढलं तेव्हा त्यांचा श्वास वाढला, डोळे फिरू लागले. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या."

म्हणून ती त्यांच्यासमोर बोलली. खाली बघून, पदराची कड बोटांत गुंडाळत बोलली.

"चूल पेटवून निघून गेले. गोठा जळला. बैल सोडाले मी धावली म्हनून वाचले. लगनाले जातो म्हनून निघाले, कोनाच्या तरी जुन्या लगनाले. वाघाच्या वाटेनं जंगलात गेले. सारं गाव हुडकत होतं. राग आला का हातात येईल ते फेकते. सराट्यानं माझा दात तुटला. मंग रडते, पाया पडते, अन् मंग इसरून जाते. मजुरीले गेल्याशिवाय खाऊ का? म्हनून बाहेरून कडी लावून जातो मी. जनावरासारखं कोंडून जातो त्यायले. आतून हाका मारते, माझं नाव घेऊन. मी कानात बोळे घालून जातो."



ते मान वाकडी करून तिचं ऐकत होते. आपल्या शेजाऱ्याची काही दुःखाची गोष्ट ऐकावी तसे. मग म्हणाले, "कोनाची गोष्ट करून राह्यली तू?"

ती पदराची कड गुंडाळत राहिली.

"माझी?"

तिने होकाराची मान हलवली.

"मी मारलं तुले?" त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. आपलं बोट त्या अर्ध्या दातापर्यंत नेलं आणि न लावताच मागे घेतलं. त्यांचा तो चेहरा मी कधी विसरणार नाही. त्या क्षणी त्यांना सगळं कळत होतं. पुरतं कळत होतं. ते हळूच म्हणाले, "मंग मले कोंडूनच ठेवत जा."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग त्या लिहू लागल्या. आणखी एक मोठी चाचणी करून घ्यायला लावली, दुसऱ्या डॉक्टरांशी स्वतः उठून जाऊन बोलल्या. यांच्या दुखण्यासाठी फॉर्मात वेगळा रकाना नव्हताच. कुठल्या तरी जवळच्या रकान्यात त्यांना बसवलं.

बाहेर आलो तेव्हा ते दारातल्या पहारेकऱ्याला हात जोडून सांगत होते, "लगन असो, तेरवी असो." सगळं पुसलं गेलं होतं. त्यांचा चेहरा सकाळसारखाच स्वच्छ. ती मात्र जिन्याच्या पायरीवर बसली. मी म्हटलं, "वहिनी, झालं ना काम. आता मिळेल दाखला."

ती म्हणाली, "म्या त्यायले लोकायसमोर नागवं केलं बाई. ते इसरले. मी कशी इसरू?"

दाखला मिळाला, पण तात्पुरता. काही वर्षांनी पुन्हा तपासणी, पुन्हा दाखवा की माणूस बरा झालेला नाही. त्यानंतर निराधाराच्या पैशांसाठी तहसीलची बैठक व्हायची होती, ती लांबली, निवडणूक आली, मग झाली. पैसे सुरू झाले तेव्हा ती मजुरीचे थोडे दिवस कमी करू शकली. तेवढं खरं. मी त्याला कमी म्हणणार नाही. ज्या दिवशी ती घरी राहायची त्या दिवशी कडी लागायची नाही.

दाखल्याचं कार्ड घेऊन पहिल्यांदा गाडीत चढले तेव्हा मी त्यांचं सवलतीचं तिकीट फाडलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "माझं इतकं कमी काऊन?"

मी म्हटलं, "तुम्ही मानाचे पाहुणे आहात."

त्यांना ते पटलं. त्या दिवशी त्यांनी ते तिकीट शेजारच्याला दाखवलं, मागच्याला दाखवलं, ड्रायव्हरलाही दाखवायला गेले. ती पहिल्यांदा माझ्यासमोर मोकळी हसली.

मग बुधवार कमी झाले. त्यांना फिट यायला लागल्या होत्या, त्याच्या गोळ्या न्यायला तेवढी ती दोघं यायची. मार लागल्यावर पुष्कळ दिवसांनीही फिट सुरू होतात म्हणे. प्रत्येक फिटनंतर ते थोडे आणखी लांब गेल्यासारखे वाटायचे. गाडीतून उतरताना ती आधी खाली उतरायची, वळून हात वर करायची आणि तो धरून ते उतरायचे. नमस्कार व्हायचा, पण पुढचं वाक्य अर्ध्यात तुटायचं. "मी..." म्हणायचे आणि बायकोकडे पाहायचे. ती म्हणायची, "आचारी." ते म्हणायचे, "हो. आचारी."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मोहाच्या दिवसांत. त्यांच्या गावाच्या फाट्यावर गाडी थांबली होती. सगळ्या गाडीत मोहाचा गोड, जड वास भरला होता. रस्त्याच्या कडेच्या झाडाखाली ती टोपलीत फुलं वेचत होती आणि हे शेजारी बसले होते. त्यांनी एक फूल उचललं, नाकाशी नेलं, वाट पाहिली. टाकून दिलं. दुसरं उचललं. मी खिडकीतून हाक मारली, "भाऊ!" त्यांनी वर पाहिलं आणि हात जोडले, हातातल्या फुलासकट.

पुढे माझी गाडी बदलली. मला मूलचा फेरा मिळाला. बुधवारी सकाळी मला उगाच चुकल्यासारखं व्हायचं. पण मी मनाशी म्हणायची, दवाखान्याच्या फेऱ्या संपल्या असतील, चांगलंच आहे. आपल्या गाडीत एखादा माणूस दिसेनासा झाला की आपण त्याचं बरंच चाललं असेल असं धरून चालतो. तुम्हीही धरत असाल.

पावसाळा सरता सरता एका दिवसापुरती मला जुनी गाडी मिळाली. परतीच्या फेरीत फाट्यावर ती एकटी चढली. कपाळ मोकळं होतं. मी तिचं तिकीट फाडलं. गर्दी ओसरली तेव्हा तीच माझ्याजवळ येऊन बसली.

"रोवणीच्या दिवसात गेले," ती म्हणाली. कोंडून ठेवायला जीव होईना म्हणून ती त्यांना शेतावर सोबत न्यायची आणि शेताच्या कडेला धुऱ्यावर बसवायची. त्या दिवशी बायका ओळीनं वाकून धान रोवत होत्या. पाठी त्यांच्याकडे. ती बांधी, भाताचं ते खाचर, संपवून वळल्या, तर हे खालच्या बांधीत पालथे पडलेले. फिट आली असावी. "घोट्याएवढं पानी होतं बाई. घोट्याएवढं. कोनाले आवाज नाई आला. आमी गानं म्हनत होतो."



मग तिने सांगितलं की ती तहसीलला चालली आहे. त्यांचे पैसे आता बंद होतील. ते गेल्याचं तिनेच जाऊन सांगायचं होतं, आणि विधवेचं वेगळं असतं, त्यासाठी नव्याने सुरुवात. "आता माझ्या नावानं फिरा लागते," ती म्हणाली. "मले तं सारं ध्यानात राह्यते. माझी तपासनी लवकर होईल, नाई का?" हे ती चेष्टेने म्हणाली की कसं, मला समजलं नाही.

पोंभुर्णा आलं. स्टँडवर चिखल झालेला होता, गाडी जरा लांबच उभी राहिली. एसटीची शेवटची पायरी उंच असते. ती उतरली, दोन पावलं गेली, थांबली आणि परत वळली. दाराकडे तोंड करून तिने हात वर केला आणि तशीच उभी राहिली, पंजा उघडा, कुणाचा तरी भार पेलायच्या तयारीत.

दारात एक म्हातारी होती. तिला ती उंच पायरी बघून धीर होत नव्हता. समोर हात दिसला तसा तिने तो पकडला, त्यावर सगळं वजन टाकून खाली उतरली, आणि पिशवी सावरत वळूनही न बघता निघून गेली.

ती तिथेच उभी होती. हात अजून वर होता.

मी बेल मारली.